मीडिएशनला रिकाम्या हाताने जाऊ नका: घटस्फोटाच्या वादात मध्यस्थी टप्प्याटप्प्याने

कौटुंबिक न्यायालयातून मीडिएशन सेंटरला आलेली बरीच जोडपी पहिल्या बैठकीला रिकाम्या हाताने येतात. फाइल वकिलाकडे, पगाराच्या स्लिपा ऑफिसच्या मेलमध्ये आणि दागिन्यांची यादी आईच्या डोक्यात. मग पहिला दीड तास कोण चुकलं यात जातो, उरलेला अर्धा तास ‘तुम्हीच काहीतरी सांगा’ यात. पुढची तारीख पडते आणि दोघंही बाहेर येऊन म्हणतात, ‘मध्यस्थीने काही होत नाही.’

मध्यस्थीचं काम खरं तर दोन ठिकाणी होतं: बैठकीच्या आधी घरच्या टेबलावर आणि बैठकीनंतर मसुद्याच्या कागदावर. चुकाही तिथेच होतात. म्हणून या लेखात त्या दोन ठिकाणी जास्त थांबलो आहे. लेख भारतातल्या, मुख्यतः हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायद्याखालच्या प्रकरणांपुरता आहे. इतर व्यक्तिगत कायद्यांत घटस्फोटाची वाट वेगळी असली तरी तयारी हीच लागते.

टप्पा १: आपण कुठे चाललोय ते आधी समजून घ्या

तीन गोष्टींची सरमिसळ होते. विवाह समुपदेशक नातं सावरता येतंय का ते पाहतो, नसेल तर पुढचा विचार करायला मदत करतो. मध्यस्थ तुमच्यातला व्यवहार मार्गी लावायला मदत करतो. निकाल देत नाही, कोण खरं ते ठरवत नाही. आणि दोन्हीकडचे मामा-काका जमवून घेतलेली बैठक ही मध्यस्थी नव्हेच, कारण तिथे प्रत्येक जण कुणाच्या तरी बाजूचा असतो.

कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ९ नुसार तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच आहे. न्यायालयाला वाद मध्यस्थीकडे पाठवू देणारं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ ही दुसरी वाट. केस चालू असेल तर न्यायालयाने पाठवायची वाट बघत बसू नका. दोघांपैकी कुणीही साधा अर्ज देऊन ‘आम्हाला मध्यस्थीकडे पाठवा’ असं म्हणू शकतं. केस दाखलच केली नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व मध्यस्थीची विचारणा करा. तिथे मोफत वकीलही मिळू शकतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे.

इशारा: मारहाण, धमक्या, पाळत, पैशांची कोंडी यातलं काही चालू असेल तर आधी सुरक्षितता, मग मध्यस्थी. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली संरक्षणाचा आणि निवासाचा आदेश आधी मागा. समोरचा माणूस खोलीत असताना ‘नाही’ म्हणायची भीती वाटत असेल, तर तिथे झालेली ‘संमती’ पुढे कुणाच्याच उपयोगाची नसते. ही भीती मध्यस्थाला पहिल्या बैठकीच्या आधीच सांगा. वेगवेगळ्या खोल्यांत बसणं, येण्या-जाण्याच्या वेळा वेगळ्या ठेवणं, वकील सोबत असणं, हे सगळं मागता येतं. तरीही भीती जात नसेल तर मध्यस्थी नाकारा. नाकारलीत म्हणून केस हरत नाही.

आणखी एक चूक फार महागात पडते. मध्यस्थी चालू आहे म्हणून लोक न्यायालयाच्या तारखेला जात नाहीत, किंवा अंतरिम पोटगी (निकाल लागेपर्यंतची पोटगी) भरणं थांबवतात. आदेश बदलेपर्यंत तो चालूच असतो आणि थकबाकी दर महिन्याला वाढते. तारखेला वकील हजर राहील, हे स्वतः विचारून खात्री करा.

टप्पा २: चार याद्या करा

या टप्प्याला दोन-तीन आठवडे द्या. चार वेगळे कागद करा. एकाच वहीत सगळं घातलंत तर बैठकीत सापडत नाही.

पहिला कागद पैशांचा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पोटगीच्या प्रकरणांसाठी मालमत्ता आणि देणी यांच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना घालून दिला. तो वकिलाकडून मागून घ्या आणि मध्यस्थीपुरता का होईना, प्रामाणिकपणे भरा. सोबत सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं, बँकेची वर्षभराची स्टेटमेंट आणि कर्जाचा शिल्लक दाखला ठेवा. धंदा असेल तर ‘उत्पन्न ठरलेलं नाही’ हे उत्तर चालणार नाही; जीएसटीची विवरणपत्रं आणि चालू खात्याचे उतारे आणा.

खर्चाची बाजू लोक अंदाजाने लिहितात आणि तिथेच पकडले जातात. ‘मुलीचा खर्च महिन्याला ३०,००० रुपये’ असं एका ओळीत लिहिलं की समोरची बाजू लगेच हसते. तोच आकडा असा मांडा: शाळेची फी वर्षाला किती आणि महिन्याला भागिले किती, बस, शिकवणी, औषधपाणी, कपडे, वाढदिवस-सहली. प्रत्येक ओळीसमोर पावती आहे की अंदाज, ते लिहा. आकडा ३०,००० चा २६,५०० झाला तरी चालेल. मोडून दाखवलेल्या २६,५०० वर वाद घालणं फार अवघड असतं.

दुसरा कागद वस्तूंचा. स्त्रीधन, दोन्हीकडून आलेले दागिने, लॉकर, गाडी, फ्लॅट, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, विमा, भविष्य निर्वाह निधी. दागिन्यांपुढे वजन, आत्ता कुणाकडे आहे आणि पुरावा काय (बिल, लग्नातला फोटो), असे तीन रकाने करा. लॉकर एकत्र असेल तर एकट्याने उघडू नका.

तिसरा कागद मुलांचा. हा कागद म्हणजे मुलाच्या एका नेहमीच्या आठवड्याचं वेळापत्रक. कितीला उठतो, शाळेत कोण सोडतं, शिकवणी कोणत्या दिवशी, रात्री कुणाजवळ झोपतो, डॉक्टर कोण, भीती कशाची वाटते. भेटीचं वेळापत्रक या कागदावरूनच बनतं. तो नसेल तर चर्चा ‘माझा हक्क’ आणि ‘तुझा हक्क’ यावर येते.

चौथा कागद खटल्यांचा, आणि नेमका हाच विसरला जातो. घटस्फोटाचा अर्ज, पोटगीचा अर्ज, घरगुती हिंसाचाराची केस, पोलिसातला गुन्हा, सासऱ्यांनी घराच्या ताब्यासाठी टाकलेला दावा: प्रत्येकाचं न्यायालय, क्रमांक, पुढची तारीख आणि त्यात नावं कुणाकुणाची आहेत, हे लिहा. एक जरी सुटला तरी तो पुढे तडजोडीच्या आड येतो.

तपासणी: चारही कागदांच्या दोन-दोन प्रती आहेत का? मूळ कागद घरीच ठेवा.

टप्पा ३: तीन आकडे ठरवा, आणि एक प्रश्न

पैशांबद्दल बैठकीच्या आधी स्वतःशी तीन आकडे लिहून ठेवा: मागणार तो, समाधान होईल तो, आणि ज्याच्या पलीकडे उठून जायचं तो. तिसरा आकडा फक्त तुमच्या वकिलाला माहीत असावा. आईवडिलांना सांगितलात की तो तुमचा राहत नाही.

प्रश्न असा: तडजोड झाली नाही तर पुढची तीन-चार वर्षं कशी जातील? वकिलाला तोंडावर विचारा. खर्च किती, अंतरिम पोटगी साधारण किती होईल, पुरावा कुठे कच्चा आहे. माझ्या अनुभवात हे उत्तर ऐकल्यावर निम्मा ताठरपणा आपोआप गळतो. मात्र ते उत्तर आपल्याच वकिलाकडून यावं, समोरच्याच्या धमकीतून नव्हे.

एकरकमी की दरमहा, हेही आधीच ठरवा. एकरकमी रकमेने नातं एकदाचं संपतं, पण ती रक्कम सांभाळायची शिस्त लागते. दरमहाच्या रकमेला पुढे बदल मागता येतो, पण दर महिन्याला त्या माणसाची आठवण येते. मुलाची पोटगी वेगळी ठेवा. ती कधीही पत्नीच्या एकरकमीत मिसळू नका.

टप्पा ४: पहिली बैठक

मध्यस्थ सुरुवातीला नियम सांगतो. ते ऐका, कारण गोपनीयता तिथे सांगितली जाते. मध्यस्थी फसली तर मध्यस्थाने न्यायालयाला ‘तडजोड झाली नाही’ एवढंच कळवायचं. आत काय बोलणं झालं ते लिहायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून तिथे प्रस्ताव मांडायला घाबरू नका. ‘मी १५ लाख म्हणालो होतो’ हे उद्या तुमच्याविरुद्ध वापरायचं नसतं. उलट, फोनवर चोरून रेकॉर्डिंग करू नका, बैठकीतल्या गोष्टी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. हे उघड झालं की पुढचा प्रस्ताव येत नाही.

पहिल्यांदा प्रत्येकाला बोलू दिलं जातं. पाच मिनिटांत संपवा. जुन्या भांडणांचा क्रम सांगण्याऐवजी तीन वाक्यं पुरतात: आज परिस्थिती काय आहे, माझ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं काय आहे, कशाबद्दल मी मोकळ्या मनाने बोलायला तयार आहे.

मग मध्यस्थ तुम्हाला वेगवेगळं भेटतो. या खासगी बैठकीत जे सांगाल त्यातलं काय पलीकडे सांगायचं आणि काय नाही, हे प्रत्येक वेळी स्पष्ट म्हणा. ‘हे तुमच्यापाशीच ठेवा’ एवढे तीन शब्द पुरतात. लोक ते म्हणत नाहीत आणि नंतर चिडतात.

इशारा: पहिल्याच दिवशी सही करू नका. दुपारी चार वाजता, उपाशीपोटी, ‘आता संपवून टाकू’ म्हणून केलेल्या सह्या मी पुन्हा पुन्हा उलटताना पाहिल्या आहेत. मसुदा घरी न्या, दोन रात्री जाऊ द्या.

टप्पा ५: विषय कोणत्या क्रमाने घ्यायचे

क्रम चुकला की सगळं अडतं. बहुतेकांना पोटगीच्या आकड्यापासून सुरुवात करायची असते, कारण राग तिथे असतो. तसं करू नका.

आधी तात्पुरती व्यवस्था: पुढच्या तारखेपर्यंत मुलाची भेट कधी, फी कोण भरणार, घरात कोण राहणार. छोटी गोष्ट ठरली आणि पाळली गेली की दुसऱ्याचा शब्द खरा असतो, हे पहिल्यांदा दिसतं. ती पाळली गेली नाही, तर मोठ्या रकमेचं काय होणार तेही कळतं.

त्यानंतर मुलं. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे, असं १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. पण प्रत्येक ठिकाणी न्यायालय मुलाचं हितच पाहतं आणि तुमची तडजोड त्याला बांधील करत नाही. ताब्याचा आदेश परिस्थिती बदलली तर बदलता येतो. म्हणून ‘ताबा कायमचा सोडला’ असल्या वाक्यांवर भांडत बसण्यात अर्थ नाही. वेळापत्रकावर भांडा.

मग पैसे आणि घर, त्यानंतर घटस्फोट, आणि शेवटी खटले कोणी, कधी, कसे मागे घ्यायचे. पैशाच्या बदल्यात मुलाची भेट किंवा भेटीच्या बदल्यात पैसे, हा सौदा मध्यस्थासमोर मांडलात तर तो थांबवेल. थांबवलाच पाहिजे.

टप्पा ६: संमतीच्या अटींचा मसुदा

सगळी मेहनत इथे जिंकते किंवा हरते. एका प्रकरणात कागदावर एवढंच होतं: ‘वडिलांना दर रविवारी मुलाला भेटता येईल.’ तीन महिन्यांत पुन्हा अर्ज. वडील सकाळी नऊला यायचे, आई अकराला म्हणायची, मुलाची चित्रकलेची शिकवणी साडेदहाला आणि भेट कुठे ते लिहिलंच नव्हतं. तीच अट नंतर अशी लिहिली गेली:

‘पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या रविवारी सकाळी ११ ते सायंकाळी ६. वडील आईच्या इमारतीच्या फाटकाजवळून मुलाला घेतील व तिथेच आणून सोडतील. मूल आजारी असल्यास आई आदल्या रात्री ९ पर्यंत संदेश पाठवेल आणि ती भेट पुढच्या रविवारी होईल. बुधवारी सायंकाळी ७ ते ७:३० व्हिडिओ कॉल. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग सम वर्षी आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे.’

फरक भाषेचा नाही. दुसऱ्या कागदावर भांडायला जागा उरली नाही, एवढंच.

प्रत्येक अट पाच प्रश्नांतून काढा: कोण, काय, केव्हापर्यंत, कुठे, आणि नाही केलं तर काय. ‘वाजवी’, ‘शक्य तितक्या लवकर’, ‘परस्पर समजुतीने’ हे शब्द दिसले की खोडा. परस्पर समजूत असती तर तुम्ही या खोलीत बसला नसतात.

काही कलमं नेहमी राहून जातात:

- शाळा बदलणं, मोठी शस्त्रक्रिया, मुलाचा पासपोर्ट आणि परदेश प्रवास: सही कुणाची, उत्तर किती दिवसांत.
- मुलाच्या पोटगीत दरवर्षी किती टक्के वाढ, आणि शिक्षणाचा मोठा खर्च वेगळा की त्यातच.
- गृहकर्ज. तुम्ही कागदावर ‘हप्ते पती भरेल’ असं लिहिलंत तरी बँकेला ते बांधील नाही. सहकर्जदार म्हणून पत्नीचं नाव असेपर्यंत बँक तिलाही विचारणार. म्हणून आधी बँकेत जाऊन नाव कमी होतं का, की कर्ज बंद करून एकाच्या नावावर नवीन घ्यावं लागेल, हे विचारा आणि तारखेसह मसुद्यात घाला.
- फ्लॅटमधला हिस्सा सोडायचा असेल तर नुसतं लिहून भागत नाही. दस्त कोणता, मुद्रांक किती, नोंदणी कधी आणि खर्च कोणाचा, हे वकिलाकडून लिहून घ्या.
- विमा आणि भविष्य निर्वाह निधीतलं नामनिर्देशन बदलणं. हे आपोआप होत नाही.

पोलिसातल्या गुन्ह्याबद्दल स्वतंत्र ओळ लिहा. विवाहितेच्या छळाचं जुनं कलम ४९८-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, यात ‘केस मागे घेतली’ असं नुसतं पोलीस ठाण्यात सांगून संपत नाही. तडजोडीच्या आधारे गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ही वाट मोकळी केली. त्यासाठी फिर्यादीचं प्रतिज्ञापत्र लागतं. ते कधी करणार, अर्जाचा खर्च कोणाचा आणि सासू-सासरे, नणंद अशा सगळ्या आरोपींची नावं त्यात आहेत का, हे मसुद्यात पाहिजे.

तपासणी: मसुदा अशा माणसाला वाचायला द्या ज्याला तुमची गोष्ट अजिबात माहीत नाही. त्याने एक जरी प्रश्न विचारला, तर ते उत्तर मसुद्यात नाही.

टप्पा ७: सही आणि पैशांचे हप्ते

सही करण्याआधी आपापल्या वकिलाला वेगवेगळं दाखवा. कौटुंबिक न्यायालयात वकील उभा करणं हा हक्क नसून त्यासाठी परवानगी लागते; मसुदा वाचून घेण्यासाठी मात्र कुणाच्या परवानगीची गरज नाही. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, शेवटी मध्यस्थाची. मसुदा मराठीत नसेल तर ‘मला मराठीत समजावून सांगितलं’ ही ओळ घाला आणि खरंच समजावून घ्या.

परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. एका छताखाली राहूनही पती-पत्नी म्हणून न राहणं यात बसू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटलं आहे. चालू असलेला एकतर्फी अर्ज संमतीच्या अर्जात बदलता येतो. पहिल्या अर्जानंतर सहा ते अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा हजर व्हायचं. सहा महिन्यांची ही थांबण्याची मुदत माफ करण्याचा मार्ग २०१७ च्या निकालाने उघडला, पण सगळे विषय खरोखर मिटलेले असतील तरच. म्हणून अर्धवट मसुदा नेऊन मुदत माफ मागू नका.

हुकूमनामा (घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. पैशांचे हप्ते म्हणूनच टप्प्यांना बांधायचे. समजा २० लाख ठरले: पहिल्या अर्जाच्या दिवशी ५, दुसऱ्यांदा हजर राहाल त्या दिवशी १०, आणि गुन्हा रद्द होईल त्या दिवशी उरलेले ५, तेही डिमांड ड्राफ्टने. शेवटचा ड्राफ्ट आधीच काढून न्यायालयात जमा ठेवता आला तर दोघांनाही झोप लागते. सगळे पैसे पहिल्याच दिवशी देणं आणि सगळे शेवटी ठेवणं, दोन्ही तितकंच धोक्याचं.

दोघांनी न्यायालयासमोर या अटी पाळण्याची हमी दिली आहे, ही ओळ मसुद्यात आणि आदेशात दोन्हीकडे आहे का ते पाहा. ती असेल तर मोडणाऱ्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई मागता येते. नसेल तर पुन्हा अंमलबजावणीचा लांब रस्ता.

टप्पा ८: अडलं तर, आणि झालं तर

तिसऱ्या बैठकीतही त्याच मुद्द्यावर अडत असाल तर पूर्ण मध्यस्थी मोडू नका. जे ठरलं आहे, उदाहरणार्थ भेटीचं वेळापत्रक, तेवढ्याचा अंशतः समझोता लिहून घ्या आणि फक्त रकमेचा वाद न्यायालयाकडे जाऊ द्या. असा अंशतः समझोता सुचवायला लोक लाजतात, का ते मला अजून कळलेलं नाही.

समझोता झाला असेल तर हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती एक नव्हे, चार-पाच मागा. बँक, सोसायटी, पासपोर्ट कार्यालय, मुलाची शाळा, सगळीकडे त्या लागतात, आणि दोन वर्षांनी पुन्हा मागायला गेलात की त्याच इमारतीच्या नक्कल विभागात रांगेत उभं राहावं लागतं.